अमेरिकेतले कॅन्यन हिवाळ्यात बघा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पुण्यातून मुलांकडे अमेरिकेला जाणारी बरीच मंडळी मे-जूनमध्येच जातात आणि मग ॲरिझोना-युटा या राज्यांतले कॅन्यन (उभ्या कड्यांच्या खोल दऱ्या) गाडीच्या एसीतूनच बघून येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी पारा ४० च्या वर जातो, तिथे चालणार कोण! त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत जा ना. युटातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये दुपारी साधारण १२ अंश, गर्दी कमी, आणि तिरप्या उन्हात ते लाल कडे असे काही उजळतात की पाय निघत नाही.

पण तयारी हवीच. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा काठ, जवळपास ७००० फुटांवर आहे, तिथून दरीत उतरणाऱ्या वाटांच्या वरच्या वळणांवर सावलीत बर्फ घट्ट होऊन काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, त्यामुळे बुटांना लावायचे स्पाइक्स घ्याच, आणि त्यातल्या ब्राइट एंजल नावाच्या वाटेवरचे वरचे नळ थंडीत बंद ठेवतात म्हणून पाणी वरूनच न्यायचं. सिंहगडावर आधी चढ मग उतार, इथे नेमकं उलटं, दमल्यावर चढायचंय, उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि लगेच गारठा पडतो. नॉर्थ रिमचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, तो प्लॅनमधून काढूनच टाका.

तुमच्या पर्यटन पुरवणीत या हिवाळी वाटांवर एक सविस्तर पान द्या, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे