बाबांचं घड्याळ

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांसाठी ते घड्याळ मी विकत घेणार नाही. ठरवून टाकलंय, आणि त्याच्या जागी दुसरं बनवूनही झालंय. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "मला आता कशाला घड्याळ" म्हणाले असते, म्हणून लिहिते आहे. रविवारचे फोन मी घाईत ठेवत होते ते याच्यापायी. कंटाळून नव्हे, आई. लेथच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू यायचं नाही आणि आवाज तुझ्या कानावर गेला असता तर तू रात्रभर माझ्या बोटांची काळजी करत बसली असतीस. बोटं शाबूत आहेत.

बाबा, तुमच्या टेबलाच्या काचेखालचं कात्रण मला पाठ आहे. ऑडेमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक, १९७२ चं. घड्याळांचा डिझायनर जेराल्ड जेंटाने त्याचं चित्र एका रात्रीत काढलं, असं तो स्वतः सांगायचा. तबकडीभोवती अष्टकोनी कडं, त्यावर आठ स्क्रू, आणि भारी घड्याळ म्हणजे सोन्याचंच अशा काळात उघडं पोलाद. तुम्ही ते कात्रण का जपलंत ते मला कळतं. पण खरं घड्याळ आणलं असतं तर ओरखडा पडेल म्हणून ते कपाटातच राहिलं असतं, हे आईलाही माहीत आहे. शिवाय ते तुमच्या आत्ताच्या हाताला आणि डोळ्यांना धरून केलेलं नाही. हे केलंय.

कडं अष्टकोनीच ठेवलं. दर ४५ अंशांना फिरवून एकेक बाजू मिलिंग मशीनवर कापली, मग पॉलिश पेपर एकाच दिशेने ओढून रेघा काढल्या. सपाट भाग मंद आणि कडेची उतरती पट्टी आरशासारखी. त्या घड्याळाचं सगळं देखणेपण या दोन्हींच्या सीमेत आहे, ती सीमा पुसट झाली की संपलं. धातू मात्र पोलाद नाही, टायटॅनियम. पोलादापेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक हलकं, आणि जुन्या पट्ट्याखाली तुम्हाला उठायचं ते पुरळ उठू नये म्हणूनही. स्क्रूंच्या खाचा एका रेषेत नाहीत, हे तुम्ही सगळ्यात आधी हेराल. मूळ घड्याळात त्यांची डोकी षटकोनी खळग्यात बसतात, फिरत नाहीत, आवळायचं ते मागून. माझे साधे स्क्रू आहेत, घट्ट होतील तिथे थांबतात. खालची रबरी रिंग ते चांगली दाबून धरतात, एवढं मला पुरे होतं.

मूळ तबकडी गडद निळी, बारीक चौकटींची. मी फिकट आणि सपाट केली, काटे काळे आणि रुंद. मोतीबिंदूच्या आधी असो की नंतर, चष्मा न शोधता वेळ दिसली पाहिजे. काट्यांवर अंधारात चमकणारा लेप आहे, म्हणजे रात्री उठल्यावर दिव्यासाठी चाचपडायला नको. आई, ते जुन्या घड्याळांतलं रेडियम नाही. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट आहे, उजेड साठवतं आणि हळूहळू परत देतं, अपाय नाही. तबकडीवर कुणाचंच नाव नाही. दुसऱ्याचं नाव घालणं ही नक्कल झाली असती, आणि तुम्ही ते हातात घातलं नसतं.

आतलं यंत्र मी केलेलं नाही. सेइकोचं एनएच३५ आहे, जाडी ५.३२ मिमी. मूळ घड्याळाचं यंत्र ३.०५ मिमीचं होतं, त्यामुळे हे उंच झालंय; बाहीचं बटण उघडं ठेवा. हाताच्या हालचालीने चावी भरते, पूर्ण भरल्यावर ४१ तास चालतं. सेलवालं घेतलं असतं तर जास्त अचूक झालं असतं, मान्य. पण बाबा, याला तुमचं चालणं लागतं. तुमचं जुनं चावीचं घड्याळ सेकंदाला पाच वेळा टिकटिकायचं, हे सहा वेळा. तुमच्या मनगटाला कान लावून मी टिकटिक मोजायचे आणि मोजता मोजता तुमच्याच हातावर झोपून जायचे, हात बधिर झाला तरी तुम्ही तो काढायचा नाहीत.

आता एक गोष्ट, आणि ती वाचून लगेच पत्र खाली ठेवू नका. मागच्या झाकणावर मी माझा फोन नंबर कोरलाय. त्या संध्याकाळबद्दल कुणी काही बोलायचं नाही असं आपलं ठरलंय आणि मी बोलतही नाही. खिशातली चिठ्ठी तुम्ही काढून ठेवता, गळ्यातलं कार्ड तुम्हाला आवडलं नाही, आणि आवडायला तरी का हवं होतं? मी जवळ नाही, रोज तुमच्याबरोबर फिरायला येऊ शकत नाही, हे मला फार लागतं. नंबर आत, कातडीच्या बाजूला आहे. बाहेरून कुणाला दिसत नाही. बनवणाऱ्याने आपली खूण मागे कोरायची असतेच, तशी ती माझी आहे असं समजा.

आई, हे तुझ्यासाठी. सकाळी ते तूच त्यांच्या हातात घाल. पट्ट्याला घडीची कडी लावली आहे, भोकात सुई घालत बसावं लागणार नाही. संध्याकाळी हात सुजला तर पट्टा एक घर सैल कर. अंघोळीआधी काढायचंच, पाण्याच्या दाबाची चाचणी मी केलेली नाही. फोनच्या चुंबकवाल्या कव्हराजवळ ठेवू नकोस, आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटते आणि घड्याळ पुढे पळतं. रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलायची नाही, त्या वेळी तारखेची चाकं अडकलेली असतात. आणि घरातली सगळी घड्याळं तू पाच मिनिटं पुढे ठेवतेस, तसं हे ठेवू नकोस. गोळ्यांची वेळ यावरच पाहायची.

बाबा, दोन दिवसांत ते थांबलं तर आई मला कळवणार आहे. तेव्हा रोज फिरून या, घड्याळ घालूनच. ताई शनिवारी आणून देईल. मनगटाला कुठे टोचलं तर लगेच सांगा, कानस अजून टेबलावरच आहे.

तुमची,
छकुली