पांढरीवरच्या पोरांना पाच आठवडे परदेशी मातीत शिकू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार. परदेशातल्या पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राच्या उन्हाळी शाळांसाठी आमच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळावी, म्हणून हे पत्र.

मी शहादा तालुक्यात गेली २२ वर्षं इतिहास शिकवतो. पावसाळा सरला की दरवर्षी पोरांना घेऊन प्रकाशाला जातो. तापी-गोमाईचा संगम होतो, केदारेश्वराचं दर्शन होतं, पण आमची खरी ओढ पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाची. १९५४-५५ साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी इथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर उजेडात आले. माती धुपली की आजही खापऱ्या वर येतात.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं अशीच एक खापरी उचलली. लालसर, काठाला काळी रेघ. बाकीचे रेघ बघत होते. हिनं ती उलटी करून आतून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सर, हे चाकावरचं आहे, बोटांच्या रेघा लागताहेत. अन् बाहेरून काजळी नाही, म्हणजे चुलीवर चढलेलं नसणार." तिची माय लग्नकार्यात खापरावरच्या पुरणपोळ्या करून देते. मातीच्या भांड्याची पारख पोरीला घरातूनच आलेली. मी सांगायच्या आधीच तिनं खापरी होती तिथं ठेवून दिली.

त्याच हिवाळ्यात तिनं युरोपातल्या एका उन्हाळी उत्खनन शाळेसाठी अर्ज केला. निवड झाली. पाच आठवडे, रोज प्रत्यक्ष खड्ड्यात काम. ती गेली नाही. शिष्यवृत्तीसाठी एका कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं की मदत परदेशातल्या पूर्ण पदवीला मिळते, पाच आठवड्यांना नाही. बँकेकडे गेलो तर तारण मागितलं. व्हिसासाठी खात्यात शिल्लक दाखवायची होती, आणि तिच्या वडिलांच्या खात्यात कपाशीचे पैसे येतात ते उधारी फेडण्यापुरतेच. त्यातून परीक्षा आणि शाळेच्या तारखा एकमेकींवर आल्या. ते निवडीचं पत्र तिनं मला दाखवलं तेव्हा घडी घालून घालून मधोमध फाटत आलं होतं.

घरच्या अंगणात प्रकाशा असताना परदेश कशाला, असं आपल्याला कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या परवान्याशिवाय कुणाला उत्खनन करता येत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर टेकाडं केव्हाच लुटली गेली असती. त्याचा अर्थ मात्र असा होतो, की खान्देशातला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्यानं एकही थर स्वतःच्या हातानं उकललेला नसतो. चांगल्या उन्हाळी शाळेत तो गवंड्याच्या करणीसारख्या हत्यारानं माती बोटभर खरवडायला शिकतो. रंगपट्टीशी ताडून मातीचा रंग वहीत नोंदवतो. थरातली माती पाण्यात ढवळली की हजारो वर्षांपूर्वी जळालेले दाणे तरंगून वर येतात, ते वेचायला शिकतो. हे फळ्यावर शिकवता येत नाही. मी २२ वर्षं प्रयत्न करतोय.

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात काम करून आले. पुढे त्यांनी डेक्कन कॉलेजात विभाग उभा केला, जोर्वे-नेवासे खोदलं, महाराष्ट्राचा इतिहास काही हजार वर्षं मागे नेला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला श. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षीदार तुकडे सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. गिरणाकाठचं बहाळ आहे, तापीकाठचं सावळदे आहे. आमच्याकडे जागांची वाण नाही, वाण आहे ती शिकलेल्या हातांची.

मानववंशशास्त्राचं तर मला अधिकच लागतं. सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीला दरवर्षी बाहेरून माणसं कॅमेरे घेऊन येतात, अंग रंगवून नाचणाऱ्या बुध्यांचे फोटो काढतात आणि निघून जातात. पावरा आणि भिल्ल घरांतली मुलं माझ्या वर्गात बसतात. भाषा त्यांची, गाणी त्यांची, पण लिहिणारा नेहमी दुसराच. दुसऱ्या देशातल्या एखाद्या खेड्यात महिनाभर राहून, भाषा अर्धवट कळत असताना, परवानगी घेऊन प्रश्न विचारायचे, कुणी नको म्हटलं तर वही मिटायची, हे एकदा अंगवळणी पडलं की ही मुलं आपल्या पाड्यावर परततील ती स्वतःची नोंद स्वतः करायला.

म्हणून मागणी अशी. आदिवासी विकास आणि समाजकल्याण विभागांना सोबत घेऊन उन्हाळी शाळांसाठी अल्पमुदतीची शिष्यवृत्ती सुरू करा. शुल्क, विमान, विमा, व्हिसा, सगळं त्यात धरा. आणि पैसे आधी द्या. "बिलं जोडा, मग परतावा देऊ" या अटीवर मजुराचं पोर विमानात बसू शकत नाही. मंजुरीचं पत्र असं असावं की ते दूतावासात शिल्लक रकमेच्या जागी चालेल. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेतच, ते या शाळांनाही मिळावेत. या मुलांच्या परीक्षा मे महिन्याच्या आत संपाव्यात. परत आल्यावर त्यांनी एक हिवाळा आपल्या तालुक्यातल्या पांढरींची नोंद करायला द्यावा. ही अट मीच सुचवतो, पोरं ती आनंदानं पाळतील.

ती मुलगी आता पुण्यात एम.ए. करते. तिच्यासाठी मी हे लिहीत नाही, तिचा उन्हाळा गेला. पण या शाळांचे अर्ज हिवाळ्यात भरावे लागतात. दिवाळीपर्यंत आपला निर्णय झाला तर यंदाच्या मुलांना अर्ज करता येईल. माझ्या वर्गातल्या चौघांनी पासपोर्ट काढून ठेवलेत.

आपला,
शहादा तालुक्यातील एक प्राध्यापक