जॉकिनभाई, त्या पुडीबद्दल आभार

प्रिय जॉकिनभाई,

१३ ऑक्टोबर २०१८ ला तुम्ही गेलात. तरी आजही आम्ही झोपडपट्टीत घरं-माणसं मोजायला, गणनेला, उतरलो की जॉकिन अर्पुथम हे नाव निघतंच. मॅगसेसे, पद्मश्री, जगभरच्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेचं अध्यक्षपद, याचं कौतुक पुष्कळांनी केलं. आमचे आभार आहेत कचऱ्याच्या पुडीबद्दल.

कोलारच्या खाणींतून आलेला पोरगा मानखुर्दच्या जनता कॉलनीत मुलं जमवतो, गाणी म्हणून घेतो, शिकवतो. कॉलनीतला कचरा उचलायला कोणी फिरकत नाही. दुसऱ्या कुणी अर्ज लिहिला असता. तुम्ही प्रत्येक मुलाच्या हातात कागदात बांधलेला कचरा दिलात आणि सगळी वरात पालिकेच्या कार्यालयावर नेलीत. पुडी एवढीशी, सात वर्षांच्या पोरालाही पेलेल अशी. नेमकं तेच डोकं! मोठा बोजा असता तर चार दांडगे पुढे झाले असते आणि बाकीचे बघत बसले असते. शिवाय पुडी घेऊन आलेल्या लेकरावर लाठी कोण उगारणार?

पुढे आणीबाणीत, १९७६ साली, कॉलनी उठवून चीता कॅम्पला नेली. मतं मागायला येणारे तेव्हा कुठे होते, ते विचारायला नको. तुम्ही मात्र त्याआधीच नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची देशभरची संघटना उभी करून थेट पुढाऱ्याच्या खुर्चीत बसलात, आणि तिथेही पुडीचाच हिशेब चालवलात: काम प्रत्येकाच्या हातात मावेल एवढं करून वाटायचं.

गणनाच घ्या. आधी वस्तीचा कच्चा नकाशा, मग दारावर नंबर, मग घरटी फॉर्म. यादी भिंतीवर लावायची आणि चौकात मोठ्याने वाचायची, कारण खरी गडबड तिथेच सापडते. एका दारामागे दोन चुली निघतात, भाडेकरू गळलेला असतो, गावी गेलेल्याचं घर ‘रिकामं’ पडलेलं असतं. शेजारीण ओरडून दुरुस्ती करते, ती कुठल्याही बाहेरच्या सर्वेवाल्याला जमत नाही.

बचतही तशीच. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, महिला मिलन या संघटनेतल्या बायकांना अक्षर येत नव्हतं, तर रंगीत कागदांचे तुकडे केले. एकेका रंगाची किंमत ठरलेली, प्रत्येकीची प्लास्टिकची पिशवी वेगळी. पिशवी उलटी केली की खातं समोर. जमा करणारी रोज दारात जायची. पैसे दोन रुपये असोत नाहीतर काहीच नसो, कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला कळायचं.

मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेची माणसं दुसरीकडे हलवायची वेळ आली तेव्हा हेच कामी आलं. याद्या लोकांनी केलेल्या, म्हणून सुमारे ६०,००० माणसं पोलिसी बळाशिवाय हलली. झोपड्या लोकांनी आपल्या हातांनी उतरवल्या. त्याआधीच्या पाडापाडीत पत्रेसुद्धा हाती लागत नसत.

आता सर्वेवाले टॅब घेऊन दुपारी बाराला येतात, माणसं कामावर असताना, आणि कुलपं मोजून जातात. आम्ही रात्री आठनंतरच निघतो. खडू पावसात पुसतो, म्हणून जून ते सप्टेंबर नंबर ऑइल पेंटने. आणि ब्रश वस्तीतल्याच पोरांच्या हातात.

तुमचेच,
गणनावाले