नवऱ्याची सही कोणत्या कायद्यात आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपाताच्या सुधारित कायद्यावर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. कायद्याची माहिती नेमकी आहे. पण तो ज्यांच्या हातून अमलात यायचा, त्या शिकाऊ डॉक्टरांचा त्यात उल्लेखही नाही. सरकारी रुग्णालयात पेशंटला आधी भेटतो तो इंटर्न, नाहीतर पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. मोठे डॉक्टर राउंडला येईपर्यंत बाईला जे ऐकावे लागायचे ते ऐकून झालेले असते. स्त्रीरोग विभागात परिसेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले, म्हणून हे लिहिते आहे.

ओपीडीत पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा असायला हवा. बहुतेक वेळा तो असतो, ‘मिस्टर कुठे आहेत?’ मिस्टर ऊसतोडीला गेलेले असतील, पिऊन पडलेले असतील, किंवा नसतीलच. सहीसाठी बाईला परत पाठवतात आणि तेवढ्यात आठवडे वाढतात. मुळात ही सही १९७१ च्या कायद्यातही नव्हती. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते; पालकाची सही लागते ती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. तरी आमच्याकडे केसपेपरच्या कोपऱ्यात नवऱ्याची सही घेतली जायची, आणि ती का घेतो हे विचारले तर ‘सर घ्यायला सांगतात’ एवढेच उत्तर मिळायचे.

२०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचे मत पुरेसे केले, ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत नेली, आणि गर्भनिरोधक फसल्याच्या कलमातले ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ काढून तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे घातले. पुढे एका पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुलीला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी निकाल दिला की अविवाहित म्हणून तिला चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही. डॉक्टरांनी घरच्यांची संमती, वाढीव कागदपत्रे, कोर्टाचा आदेश अशा कायद्यात नसलेल्या अटी लादू नयेत, हेही त्याच निकालात आहे. ‘अनमॅरीड प्रायमी’ (अविवाहित, पहिलटकरीण) हा शब्द कॉरिडॉरभर ऐकू जाईल असा उच्चारणाऱ्या किती रेसिडेंटांनी हा निकाल वाचला असेल? पेशंटचे नाव फोडणे हा तर २०२१ पासून एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

माझे निरीक्षण एकट्या वॉर्डातले आहे असे कोणी म्हणेल. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या जवळपास दोन हजार भावी डॉक्टरांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यातल्या सुमारे पाव जणांना गर्भपात नैतिकदृष्ट्या चूक वाटत होता, पाचव्या हिश्श्याला अविवाहित स्त्रीचा गर्भपात मान्य नव्हता, आणि पाव जण नवऱ्याची किंवा जोडीदाराची परवानगी लागते असे समजून होते. ही मुलेमुली आज कन्सल्टंट आहेत, युनिट चालवतात, नव्या रेसिडेंटांना शिकवतात. कायदा बदलल्यावर शिकवणाऱ्यांना परत कोण शिकवणार?

तरीही या पोरांना मी दुष्ट म्हणणार नाही. छत्तीस-छत्तीस तास न झोपता ड्युटी करणारी माणसे आहेत ती. त्यांच्यात नैतिकतेपेक्षा भीती जास्त दिसते. बीडच्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणानंतर, २०११-१२ पासून, आपल्या राज्यात गर्भलिंग निदानाविरुद्ध जी मोहीम झाली ती आवश्यकच होती. पण तिच्यासोबत गर्भपाताच्या गोळ्यांवर अशी करडी नजर आली की केमिस्टांनी त्या ठेवणेच सोडले. गर्भलिंग निदान हा गुन्हा आणि गर्भपात ही कायदेशीर सेवा, हे दोन वेगळे कायदे विद्यार्थ्याच्या डोक्यात एकच होऊन बसले. सतरा वर्षांची मुलगी आली की पोक्सोचा, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचा, धसका वेगळाच. मुलीने व पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, हेही २०२२ च्या त्याच निकालात आहे. हे माहीत नसले की डॉक्टर सोपा मार्ग धरतो: ‘दुसरीकडे जा.’

दुसरीकडे म्हणजे कुठे? २०१५ मध्ये देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन. वेळेत व नीट घेतल्या तर गोळ्या सुरक्षित आहेत. पण किती आठवडे झाले हे न पाहता, गर्भ नळीत आहे का हे न तपासता घेतलेल्या गोळ्यांनंतर रक्तस्राव होत मध्यरात्री येणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांनाच मग ‘आधी का नाही आलीस?’ म्हणून ओरडा बसतो. ती आधी आलेली असते, सही नव्हती म्हणून परत गेलेली असते.

आणखी एक चीड आणणारी गोष्ट म्हणजे सौदा. ‘कॉपर-टी बसवून घेणार असशील तर करतो’, दोन मुले असली तर ‘ऑपरेशनही करून घे’. गर्भनिरोधनाचा सल्ला द्यावा, जरूर द्यावा. त्याची अट घालायला कायद्यात जागा नाही.

एखाद्या डॉक्टरला मनापासून हे काम नको असेल तर त्याने तसे युनिटप्रमुखांना सांगावे. पेशंटला प्रवचन देऊ नये. बाकीच्यांसाठी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तोंडी परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा करावा: समोर एकटी, अविवाहित स्त्री आहे, नऊ आठवडे झाले आहेत, कोणाकोणाची सही घ्याल? आणि ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक सोनोग्राफीच्या दाराशी असतो, तसा ‘सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिचीच संमती लागते’ हा फलक अधिष्ठात्यांनी स्त्रीरोग ओपीडीत मराठीत लावून घ्यावा, डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा