दालनातले कॅलिब्रेशन: काय कळते, काय निसटते

संपादक महोदय,

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे मोजणीचे यंत्र) किंवा हातात धरायचे लेझर अंतरमापक बंद दालनात तपासले जाते, 'ठीक' असा शेरा मिळतो आणि मोजणी करणारे त्यावर निर्धास्त राहतात. त्या शेऱ्याआड काय लपते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

दालनात सगळ्यांचे डोळे थर्मामीटरवर असतात. हवेचे तापमान 1 अंश सेल्सिअसने चुकले तर अंतर साधारण 1 पीपीएमने (दहा लाखांत एक भाग) चुकते. 30 मीटरवर हे 0.03 मिमी झाले. मिलिमीटरभर अचूकतेच्या यंत्राला त्याने काहीच फरक पडत नाही. खरा घोळ प्रिझममध्ये, म्हणजे किरण यंत्राकडे परत पाठवणाऱ्या काचेत होतो. काहींचा कॉन्स्टंट (मापात धरायची ठरावीक दुरुस्ती) 0, काहींचा −30 मिमी. यंत्रात एक भरला आणि समोर दुसरा लावला, की सगळी अंतरे सारखीच चुकतात आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही.

ही चूक पकडायला दालनासारखी जागा नाही. अ, ब, क असे तीन ट्रायपॉड एका रेषेत, एकाच उंचीवर मांडा. ट्रायब्रॅक (ट्रायपॉडवरची बैठक) न हलवता फक्त यंत्र आणि प्रिझम बदलत राहा. अब आणि बक यांच्या बेरजेतून अक वजा केल्यावर उरते ती शून्यचूक, म्हणजे अंतर कितीही असले तरी तेवढीच राहणारी चूक. पुढे ती प्रत्येक मापातून वजा करायची.

पण किरणाच्या तीव्रतेत ठरावीक गतीने चढउतार (मॉड्युलेशन) करून, गेलेल्या आणि परतलेल्या लहरींतला फरक म्हणजे फेज मोजणाऱ्या यंत्रात चक्रीय चूकही असते. मॉड्युलेशनची अर्धी तरंगलांबी संपली की ती पुन्हा तशीच येते. 100 मेगाहर्ट्झला ही लांबी 1.5 मीटर. तिन्ही अंतरे तिच्या पटीत ठेवली, तरच प्रत्येक मापात या चुकीचा वाटा सारखा राहतो. ती वेगळी काढायची तर प्रिझम रुळावरून 10-10 सेंटिमीटर सरकवत 1.5 मीटर न्यावा आणि प्रत्येक थांब्यावरचे माप इंटरफेरोमीटरशी (प्रकाशलहरींवरून अतिशय बारीक अंतर मोजणाऱ्या उपकरणाशी) ताडावे. रूळ किरणाला समांतर हवाच.

इथेच दालन फसवते. चकचकीत फरशी, काचेचे दार, धातूचे कपाट यांवरून आलेला प्रकाश मूळ किरणात मिसळतो आणि त्याने होणारा बिघाड हुबेहूब चक्रीय चुकीसारखा दिसतो. प्रिझम काळ्या मॅट कापडाने झाका. तरीही यंत्र अंतर दाखवत असेल, तर आधी त्या परावर्तनाचा बंदोबस्त करा. हातातल्या अंतरमापकासमोर थर्माकोल तर कधीच धरू नये. किरण आत शिरून परततो आणि अंतर जास्त येते.

सर्वांत गंभीर बाब प्रमाणचुकीची, म्हणजे अंतराबरोबर वाढत जाणाऱ्या चुकीची. 10 पीपीएमची चूक 30 मीटरच्या दालनात 0.3 मिमी, म्हणजे दिसतच नाही. 1 किलोमीटरवर तीच 10 मिमी होते. ती पकडायला मॉड्युलेशनची फ्रिक्वेन्सी काउंटरवर (फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या उपकरणावर) मोजावी लागते किंवा उघड्यावरची, लांबी अचूक माहीत असलेली लांब आधाररेषा लागते. कोणता प्रिझम वापरला, कमाल अंतर किती होते आणि फ्रिक्वेन्सी तपासली का, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसेल, तर यंत्राच्या मालकाने ते लिहून मागावे.

— एक मोजणी-उपकरण तंत्रज्ञ