बटाटे लावायला सांगता, तर हंगाम सांगा आणि बेणंही मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या मध्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांना सुट्टीत घरच्या घरी बटाटे लावायला शिकवणारा लेख आला होता. घरातला कोंब आलेला बटाटा घ्या, तुकडे करा, जुन्या टायरात नाहीतर सिमेंटच्या पोत्यात लावा, रोप वाढेल तशी वरून माती टाकत जा, म्हणजे पोतंभर बटाटे निघतील, असं त्यात होतं. मी साताऱ्यात खानावळ चालवते. जेवायला येणाऱ्या मुलांपैकी बीडचा एक जण ते कात्रण घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, आमच्या खोलीच्या गच्चीवर लावू का?" त्याला मी नको म्हणून सांगितलं. का नको, ते आपल्या सगळ्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

बटाटा हे आपल्याकडे थंडीचं पीक आहे. पाला वाढायला ऊब चालते, पण खाली बटाटा धरायला रात्र गार लागते. हवा 17 ते 20 अंशांच्या आसपास असली की तो उत्तम पोसतो. तिशीच्या वर सतत राहिली की झाड नुसतं पाल्यावर जातं आणि जमिनीत काही धरत नाही. मे महिन्यात साताऱ्यातसुद्धा दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, बीडची तर गोष्टच सोडा. त्यात गच्चीवरच्या पोत्यातली माती हवेपेक्षाही जास्त तापते. ओल्या, तापलेल्या मातीत बटाट्याची फोड पुरली तर बहुतेक वेळा ती सडते. असे लेख थंड देशांतल्या माहितीवरून घेतलेले असतात. तिथे हिवाळा सरला की बटाटा लावतात आणि उन्हाळ्यात काढतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली दिवाळीची हवा. महिना तसाच उचलून आपल्याकडे छापला, की बिचाऱ्या वाचकाला वाटतं आपल्या हातालाच यश नाही.

आता कोणी म्हणेल, पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर किंवा आमच्या पुसेगावच्या बाजूला पावसाळ्यात बटाटा असतोच की. असतो. पण ती उंचावरची रानं आहेत. जून-जुलैत तिथे ढगाळ, गार हवा असते आणि उताराची जमीन पाणी धरून ठेवत नाही. पिढ्यान् पिढ्या हे पीक घेणारे शेतकरी आहेत ते, पाला जाळणारा करपा रोग कधी येणार हे त्यांना आभाळ बघून कळतं. शहरातल्या परसात पावसाचं पाणी साचतं, भिंतीमुळे वारा लागत नाही, आणि करप्याचा काळा डाग एकदा पानावर दिसला की आठवड्याभरात सगळा पाला लोळतो. घरच्यासाठी लावणाऱ्याने दसरा होऊ द्यावा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावलेला बटाटा साधारण तीन महिन्यांत तयार होतो आणि महाशिवरात्रीच्या उपवासाला घरचा निघतो. हे कॅलेंडर आपल्या पुरवणीत चौकटीत छापलं असतं तरी पुरे होतं.

दुसरी गोष्ट बेण्याची, म्हणजे लावायला घेतो त्या बटाट्याची, आणि मला खरं लिहायचंय ते याबद्दल. बाजारातला खायचा बटाटा बेणं म्हणून वापरा असं अगदी सहज सांगितलं जातं. शीतगृहात ठेवलेल्या खायच्या बटाट्याला पुष्कळदा कोंब येऊ नये म्हणून औषधाची धुरी दिलेली असते. तसला बटाटा लावला तर उगवत तरी नाही, नाहीतर दोऱ्यासारखे बारीक कोंब काढतो. पण नुकसान एवढ्यावर थांबत असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. त्या बटाट्याबरोबर रोग आपल्या मातीत येतो.

खानावळीमुळे माझ्या विळीखालून रोज बटाटा जातो. कधीतरी एखादा बटाटा बाहेरून अगदी चांगला असतो आणि कापल्यावर सालीच्या थोडं आत तपकिरी कडं दिसतं, बांगडी ठेवल्यासारखं. अंगठ्याने दाबलं की त्या कड्यातून पांढरट, चिकट थेंब बाहेर येतात. याला बांगडी रोगच म्हणतात. हे जंतू मातीत टिकून राहतात, आणि वांगी, टोमॅटो, मिरची ही बटाट्याचीच भावंडं असल्यामुळे त्यांनाही धरतात. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं, आणि दोन-चार दिवसांत कायमचं जातं. त्यावर घरगुती माणसाला करता येईल असा उपाय नाही. त्या वाफ्यात मग ही भावंडं लावायचीच नाहीत, मका नाहीतर कांदा-लसूण घेत राहायचं. तीन-चार वाफ्यांची परसबाग असणाऱ्या बाईचा एक वाफा असा अडकला तर तिच्याकडे उरतं काय? याच कारणासाठी मी खानावळीतल्या सगळ्या भाज्यांचा कचरा खताच्या खड्ड्यात टाकते, बटाट्याच्या साली मात्र टाकत नाही.

चांगलं बेणं उत्तरेकडून, मुख्यतः पंजाबात जालंधरच्या बाजूने येतं, त्यालाही कारण आहे. बटाट्यावरचे विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते. तिकडे ऑक्टोबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मावा फारसा नसतो. त्या मुदतीत पीक वाढवून घेतात आणि मावा वाढायच्या आत वरचा पाला कापून टाकतात, म्हणजे रोग खाली बटाट्यापर्यंत उतरत नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही पद्धत बसवून दिली. आपल्या बाजारात ज्या नावाने बटाटा विकला जातो ती कुफरी ज्योती ही जात त्याच संस्थेने 1968 साली दिली. पुखराजही त्यांचाच. एवढं काम झालेलं आहे, आणि ते घरच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही.

कारण साधं आहे. प्रमाणित, म्हणजे तपासणी होऊन पास झालेल्या बेण्याचा कट्टा पन्नास किलोचा येतो. त्याला मोहोर असते, निळी चिठ्ठी असते. दुकानात एक-दोन किलो मागितलं की उत्तर ठरलेलं: "ताई, कट्टा फोडता येत नाही." दुकानदाराचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मोहोर तोडली की ते बेणं प्रमाणित राहिलंच नाही, आणि उरलेलं तो कोणाला विकणार? पण म्हणून घरच्यासाठी लावणाऱ्या प्रत्येकाने बाजारातला रोगट बटाटा पुरायचा का? मी पुसेगावकडच्या एका ओळखीच्या शेतकरी दादांकडून त्यांच्या कट्ट्यातलं किलोभर घेते. ज्याची अशी ओळख नाही त्याने काय करावं?

किलोभर म्हणजे किती, तेही सांगते. तीस-चाळीस ग्रॅमची एक फोड धरली आणि प्रत्येक फोडीला कोंब फुटायचे दोन-तीन डोळे ठेवले, तर किलोत पंचवीस-तीस फोडी होतात. दोन ओळींत दोन फूट आणि दोन फोडींत आठ इंच अंतर ठेवलं तर सतरंजीएवढ्या जागेत त्या मावतात. बेणं अंड्याएवढं बारीक असेल तर कापूच नये, अख्खं लावावं. कापायचं असेल तर प्रत्येक बटाट्यानंतर विळा किंवा सुरी जंतुनाशकात बुडवून घ्यावी, म्हणजे एकातला रोग दुसऱ्यात जात नाही. फोडी सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस पसरून ठेवाव्यात. कापलेली बाजू हाताला कोरडी, जाड कागदासारखी लागली की लावायला हरकत नाही.

आमच्या परसात काळी, चिकट माती होती. तिच्यात मुरमाड तांबडी माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळत मिसळत ती भुसभुशीत केली. शेणखत कच्चं घालू नये, त्याच्याबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते. भाज्या धुतलेलं पाणी मी वाफ्याकडे वळवलं आहे, भांड्यांचं साबणाचं पाणी वेगळं जातं. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती नुसती ओलसर झाल्याशिवाय, तिला हात लावायचा नाही आणि रोप वीतभर झालं की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यायची. महिन्याभराने पुन्हा एकदा. बटाटा हे मूळ नाही, जमिनीतल्या खोडाच्या फांदीचं टोक फुगून तो होतो. भर कमी पडली की तो वर डोकावतो आणि उजेड लागून हिरवा होतो. हिरव्या बटाट्यातलं विष शिजवूनही जात नाही, म्हणून तसला बटाटा मी मुलांच्या ताटात जाऊ देत नाही. झाडाला क्वचित लहान हिरव्या टोमॅटोसारखी फळं लागतात, तीही विषारी. लहान मुलं असलेल्या घरांना हे आधी सांगायला हवं होतं.

टायरावर टायर रचून माती भरत गेलं की वरपर्यंत बटाटे लागतात, ही गोष्ट आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जातींना लागू पडत नाही. त्या फोडीच्या आसपासच, एका थरात धरतात. वर कितीही माती चढवा, ती रिकामीच राहते. पोत्यात लावायला माझी ना नाही. रुंद, खाली भोकं पाडलेलं पोतं घ्या, अर्ध्याहून जास्त भरा, एकदा भर द्या, झालं.

पाला पिवळा पडायला लागला की पाणी तोडावं आणि दहा-बारा दिवस थांबावं, तेवढ्यात साल पक्की होते. काढताना कुदळ झाडापासून हातभर लांब घालावी आणि जवळची माती हातानेच सारावी. माझ्याकडे येणारी पोरं त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवून गुडघ्यावर बसतात. एकेक बटाटा बोटांना लागतो तसा ओरडा होतो. वाफ्यातले काही मी मुद्दाम पाणी तोडायच्या आधीच काढते. त्यांची साल अंगठ्याने नुसती चोळली तरी निघते, आणि जिरं-मिरचीच्या फोडणीत सालीसकट परतलेल्या त्या बटाट्याची चव बाजारच्या बटाट्याला नाही. किलो बेण्याला सहा-सात किलो निघाले तर पीक चांगलं आलं म्हणायचं. पोतंभर निघतील असं सांगून लोकांना आशेला लावू नये. खर्च वाचवायला म्हणून बटाटा घरी कोणी लावू नये, तो बाजारात बहुधा स्वस्तच मिळतो. पैसे मेथी-कोथिंबिरीत वाचतात, गवारीत वाचतात.

उन्हाळ्याच्या शेवटी मुलांच्या हाताने काहीतरी लावायचंच असेल, तर आपल्या मातीत पुष्कळ काही आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला आलं लावतात. साताऱ्याचं आलं सगळीकडे जातं, आणि भाजीवाल्याकडचं आलं कुंडीत लावलं तर बटाट्याइतका घोटाळा होत नाही. पाऊस सुरू झाला की दोडका, कारलं, भोपळा कुंपणावर चढवावा. रताळ्याच्या वेलाचे तुकडे खोचले की धरतात आणि उष्णतेला घाबरत नाहीत. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी कंद हवा म्हणून बटाट्याच्या मागे लागण्यापेक्षा रताळं लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा जूनमध्ये पेरतात, पावसाळा सरता सरता शेंगा वाळतात. अळू तर मोरीच्या कडेलासुद्धा माजतं. त्या बीडच्या मुलाला मी दोडक्याच्या बिया दिल्या आहेत.

आता मागणी. कृषी खात्याने, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांनी बटाट्याचं प्रमाणित बेणं एक आणि दोन किलोच्या जाळीच्या पिशव्यांत, तिथेच मोहोर लावून, चिठ्ठीसकट विकावं. भाजीपाल्याचं बी लहान पाकिटांत मिळतंच, मग बेण्यालाच पन्नास किलोची अट कशाला? 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतल्या बाया गावोगाव पोषण परसबागा करतात, त्यांच्यामार्फत दसऱ्याच्या आधी नोंदणी घेतली तर नक्की किती लागेल तेही कळेल आणि माल पडून राहणार नाही. शीतगृहातून काढलेलं बेणं महिनोन् महिने टिकत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच आधी नोंदणी म्हणते.

आणि आपल्याला एक विनंती. जिल्ह्यात कुठे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या जातीचं बेणं मिळेल, एवढी माहिती काढून सप्टेंबरच्या शेवटी शेतीच्या पानावर छापावी. त्याच चौकटीत, उघडा बटाटा बेणं म्हणून विकत घेऊ नका, चिठ्ठी बघा, हेही ठळक अक्षरांत द्यावं.

आपली,
एक खानावळचालक वाचक,
सातारा