आयात शुल्क माफ करता, मग कापसाला भावांतरही द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले. मुदत आधी सप्टेंबरअखेरची होती, मग ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. आमची पहिली वेचणी घरात येऊन हंगाम भरात येईपर्यंत दार उघडेच राहिले. कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी, हे समजते. पण ज्या अमेरिकी शेतकऱ्याशी आमची बरोबरी लावली जाते, त्याच्या पाठीशी किती सरकारी पैसा उभा आहे, याचा हिशेब इथे कोणी मांडत नाही. म्हणून भावांतर, म्हणजे बाजारभाव हमीभावाखाली गेला तर फरकाची रक्कम थेट शेतकऱ्याला, आम्हालाही हवे.

टेक्सासमधल्या लबक काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) आसपास अमेरिकेचा मोठा कापूसपट्टा आहे. तिथे सरकीसह कापसाचा संदर्भ भाव कायद्याने ठरतो. तो पौंडाला 36.7 सेंट होता, 2025 च्या कायद्याने 42 सेंट झाला. आपल्या मापात क्विंटलला साधारण आठ हजार रुपये. आपला 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये. म्हणजे आकडा जवळपास तोच!

तो हातात कसा पडतो, इथे सगळा फरक आहे. तिथला शेतकरी माल हवा त्याला विकतो. वर्षाचा देशभरातला सरासरी भाव संदर्भ भावाखाली गेला, की नोंदलेल्या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवर फरकाची रक्कम त्याला मिळते. आम्हाला हमीभाव हवा असेल तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावरच माल न्यावा लागतो. नोंदणी, रांग, आणि आर्द्रता 12 टक्क्यांवर गेली की माल परत. परतीच्या पावसात भिजलेल्या पहिल्या वेचणीला हा निकष कसा पाळायचा? दिवाळीच्या तोंडावर पैशाची निकड असते, मग गावात आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

तिथल्या मदतीची वार्षिक मर्यादा आता माणशी 1 लाख 55 हजार डॉलर, म्हणजे सव्वा कोटी रुपयांहून जास्त आहे. पीक विमा त्याशिवाय. कापसासाठीच्या एका खास विम्याचा 80 टक्के हप्ता सरकार भरते. गुरे पाळणाऱ्यांचेही तसेच: देशाच्या दुष्काळ नकाशावर काउंटी ठरावीक आठवडे तीव्र दुष्काळात दिसली, की करपलेल्या कुरणांपोटी भरपाईचा मार्ग मोकळा होतो. आपल्याकडे पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12 हजार रुपये.

टेक्सासच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशाबद्दल माझी तक्रार नाही. 2022 च्या दुष्काळात तिथला निम्म्याहून जास्त कापूस वेचणीपर्यंत पोचलाच नाही. त्या सरकारने आपला शेतकरी सांभाळला. पण हे होत असताना आम्हाला मात्र 'खुल्या बाजाराशी जुळवून घ्या' असे सांगणे अन्यायाचे आहे. अमेरिकेच्या आधीच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि 2014 च्या तडजोडीत अमेरिकेने 30 कोटी डॉलर मोजले.

तिथली पद्धत जशीच्या तशी मात्र नको. पैसा जुन्या नोंदींच्या एकरांवर मोजला जातो, त्यामुळे ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा मोठा. आपल्याकडे तो प्रत्यक्ष पेरणाऱ्याला मिळावा, त्यासाठी ई-पीक पाहणीत बटईने आणि ठेक्याने करणाऱ्यांची स्वतंत्र नोंद व्हावी. मध्य प्रदेशात 2017 च्या भावांतर योजनेच्या काळात व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. म्हणून फरक एखाद्या बाजार समितीच्या भावावरून न काढता संपूर्ण हंगामाच्या देशपातळीवरील सरासरीवरून काढावा, आणि एकरांची कमाल मर्यादा ठेवावी.

यापुढे शुल्कमाफीची अधिसूचना काढायची असेल, तर त्या हंगामाच्या भावांतराची तरतूद तिच्यासोबतच जाहीर व्हावी. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक
हिंगणघाट, जि. वर्धा